टाकीतलं पेट्रोल

मोटरसायकल का सोडली असं कुणी विचारलं की मी पाठीवर हात ठेवायचो. मणक्यात गॅप आहे, डॉक्टरांनी मनाई केलीय, असं सांगायचो. हे इतक्या वेळा सांगितलं की पुढंपुढं पाठ खरंच दुखायला लागली. साताऱ्यात त्यावर निभावूनही गेलं. कंपनीची बस पोवई नाक्यावरून न्यायची, तिथंच आणून सोडायची. बाजाराला रिक्षा. बाकी कुठं जायचं तर बायकोच्या स्कूटरवर मागं. पन्नाशी उलटलेला बाप्या मांडीवर पिशव्या घेऊन मागं बसलाय, हे बघून कॉलनीतले निवृत्त सुभेदार फाटकातून म्हणायचे, "काय साहेब, आज पण एस्कॉर्टमध्ये?" मी हसायचो. हसलं की विषय संपतो, हे मला फार लवकर कळलेलं होतं.

पाठीला काही झालेलं नव्हतं. झालं होतं ते दादाच्या गुडघ्याला. आणि ते माझ्यामुळं झालं होतं, हे दादाला माहीत नव्हतं. माझ्याशिवाय कुणालाच नव्हतं.

मागच्या दिवाळीनंतर कंपनीची बस बंद झाली. माणसं कमी केली, बस परवडेना, ज्यानं त्यानं आपापलं यावं असं सांगण्यात आलं. एमआयडीसीत आमच्या गेटपर्यंत आत यायला रिक्षावाले कुरकुरायचे. बायकोची शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला. थोडे दिवस मी कुणाकुणाच्या मागं बसून गेलो. मग एकदा जेवताना ती म्हणाली, "गाडी घ्या आता. आणि पाठीचं सांगू नका. परवा गव्हाचं पोतं तुम्हीच जिन्यानं वर नेलंत."

ती एवढंच बोलली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं कधी खोदून विचारलं नाही, आणि मी ते माझ्या सोयीचं मानत आलो.

नवी घ्यायचं धाडस नव्हतं, म्हणून कुणाला न सांगता आधी एका जुन्या गाड्यांच्या दुकानात गेलो. फुटपाथवर ओळीनं गाड्या लावलेल्या, पुसून चकचकीत केलेल्या. एका काळ्या शंभर सीसीवर बसलो. क्लच दाबला. बोटांना सगळं आठवत होतं, मला त्याचा राग आला. मग डावा हात आपसूक टाकीखाली गेला आणि कॉकला लागला. कॉक रिझर्व्हला होता. शेजारची गाडी बघितली, तिचाही. ओळीत होत्या तेवढ्या सगळ्यांचे.

यात नवल काही नाही. विकायच्या गाडीत पेट्रोल कोण भरून ठेवतो? गिऱ्हाइकाला एक चक्कर मारता येईल एवढं टाकतात आणि कॉक फिरवून ठेवतात. पण माझ्यानं तिथं उभं राहवेना. मालक म्हणाला, साहेब, चक्कर तर मारून बघा. मी पाठीवर हात ठेवला आणि निघालो.

ज्यांनी आताच्याच गाड्या चालवल्यात त्यांना हे सांगावं लागेल. जुन्या मोटरसायकलीला काटा नसायचा, असला तरी त्यावर कुणी विसंबत नसे. टाकीखाली डाव्या बाजूला एक कॉक. कॉक चालूवर ठेवून गाडी पळवायची. पेट्रोल खाली गेलं की गाडी आचके द्यायची, मग चालता चालता हात खाली घालून कॉक रिझर्व्हला फिरवायचा. टाकीच्या तळाचं राखून ठेवलेलं पेट्रोल त्यानं मिळायचं, पंप गाठता यायचा. पेट्रोल भरलं की कॉक परत चालूवर. आचके बसेपर्यंत आपल्याजवळ रिझर्व्ह आहे, या भरवशावर माणूस हिंडायचा. तो भरवसा मी मोडला.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठी. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. दूध डेअरीची गाडी चालवून त्यानं स्वतःची जुनी टू-स्ट्रोक घेतलेली, आणि मला साताऱ्यात नोकरी लागल्यावर मी कोरी शंभर सीसी घेतली होती. त्या उन्हाळ्यात त्याचं लग्न ठरलं, पाटणकडची मुलगी. मी रजा काढून गावी आलेलो. माझ्या गाडीची पहिली सर्व्हिसिंग व्हायची होती, तोवर तिला चाळिसाच्या पुढं पळवायची नाही असं सांगितलेलं. एका दुपारी सांगलीला मित्रांकडं जायचं होतं. मला पळवायला गाडी हवी होती. दादा रानात होता. मी त्याची नेली.

न विचारता नेली, कारण विचारून मिळाली नसती. आठच दिवसांपूर्वी तिचा आरसा माझ्या हातून फुटला होता आणि त्यानं आबांसमोर, म्हणजे वडिलांसमोर, मला बजावलं होतं, परत हात लावायचा नाही. सांगलीहून येताना गावाच्या अलीकडं, कॅनॉलजवळ गाडीनं आचके दिले. मी कॉक रिझर्व्हला लावला. खिसा हलका झालेला, आणि पंप मागं राहिलेला. घरी आणून ती होती तशी गोठ्याजवळ लावली आणि कॉक रिझर्व्हलाच राहू दिला, कारण चालूवर फिरवला असता तर सकाळी गाडी सुरूच झाली नसती आणि दादाला कळलं असतं. सकाळी लवकर उठून पेट्रोल आणून ओतू, असं ठरवून झोपलो. सकाळी मला दादानंच उठवलं.

पाटणकडच्या पाहुण्यांना पत्रिका द्यायला निघालो होतो. तिथून त्यानं कोयनेच्या अंगाला जायचं, मी अलीकडची गावं करायची, म्हणून दोन गाड्या. कराडच्या पंपावर मी माझी टाकी भरली. पोऱ्या नळी घेऊन दादाच्या गाडीकडं वळला तर दादा म्हणाला, "राहू दे. माझी अजून रिझर्व्हला पण लागली न्हाई. येताना भरू."

तिथं मी उभा होतो. हातात टाकीचं झाकण होतं. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर दादानं फार तर पंपावर चार माणसांत मला शिवी दिली असती. ती नको म्हणून मी झाकण लावलं.

मल्हारपेठ मागं पडल्यावर त्याची गाडी अडखळली. मला मागून दिसलं, त्याचा हात टाकीखाली गेला. कॉक आधीपासूनच रिझर्व्हला होता. गाडी थोडी चालली आणि मेली. त्यानं झाकण उघडून आत बघितलं, गाडी आडवी पाडून कार्ब्युरेटरकडं काही येतंय का बघितलं. त्याचा चेहरा मला आजही दिसतो. रागावला नव्हता, चक्रावला होता. स्वतःशीच हिशेब लावत होता. "म्या रिझर्व्हला कवा लावली हुती?" असं दोनदा म्हणाला. मी म्हणालो, लावली असशील, लग्नाच्या गडबडीत. हे माझे शब्द आहेत.

मग आपल्याकडं करतात तेच केलं. तो बंद गाडीवर बसला, मी माझ्या गाडीवरून त्याच्या उजव्या बाजूला जाऊन मागच्या फूटरेस्टला डावा पाय लावला आणि ढकलत निघालो. गावोगाव रोज हे चालतं. पाटण फार लांब नव्हतं. उतार लागला, समोरून एसटी आली, मला आत यायला जागा हवी म्हणून मी पाय काढला. पाय काढताना धक्का बसला की त्यानं स्वतःहून गाडी बाहेर घेतली, ते मला आजही सांगता येत नाही. तो साइडपट्टीच्या खडीवर गेला आणि तिथून मोरीच्या कठड्यावर. डावा गुडघा गाडी आणि दगड यांच्या मधे आला.

आधी कराड, मग मिरज. मिरजेच्या दवाखान्यात मी त्याच्या उशाशी बसून राहिलो. नोकरीवर बिनपगारी रजा टाकली, त्याचं सगळं केलं, लघवीचं भांडंसुद्धा दिलं. येणारे-जाणारे म्हणायचे, भाऊ असावा तर असा. आबा तर दवाखान्याच्या व्हरांड्यात माझ्या डोक्यावर हात ठेवून रडले. मी तो हात डोक्यावर ठेवू दिला.

पाय राहिला, पण गुडघा वाकेना. गिअरचाच पाय तो. डेअरीची गाडी सुटली, मोटरसायकल विकली. माझीही मी वर्षभरात विकली आणि पाठीचं दुखणं तेव्हापासून सुरू केलं. लग्न लांबलं. मुलीकडच्यांनी मोडायचं काढलं होतं, मुलगीच ठाम राहिली.

एवढ्यावर थांबलं असतं तर अपघात म्हणून सोसता आलं असतं. पण आबांच्या तोंडात एक वाक्य बसलं. "ज्येला टाकीतलं पेट्रोल कळंना, त्येला घरातलं काय कळणार?" पहिल्यांदा बहुतेक ते रागानं म्हणाले असतील. मग सवयीनं. ऊस कुठल्या कारखान्याला घालायचा, म्हैस कुठली ठेवायची, हे आबा साताऱ्याला फोन करून मला विचारायचे आणि राबायचा दादा. मी सांगायचो, दादालाच विचारा की. ते म्हणायचे, त्येच्या ध्यानात काय ऱ्हातंय? आणि हळूहळू दादाच्या ध्यानात खरंच राहीना. म्हणजे राहायचं, पण त्याचाच त्याला भरवसा नसायचा. कुलूप लावून परत जाऊन ओढून बघायचा. विहिरीवरची मोटर बंद केली की नाही म्हणून अंथरुणातून उठून, तो पाय ओढत, रानात जायचा. मोटर बंदच असायची. कुणी निरोप सांगायला आलं तर आधीच म्हणायचा, "मला सांगून ठेवू नगा, मी इसरतो." त्याची मुलगी मोठी झाली तशी तीही बापाची चेष्टा करायला शिकली. त्याच्या मोबाईलमध्ये तिनं ढीगभर गजर लावून ठेवलेत, औषधाचा, वैरणीचा, लाइट येण्याचा.

आणि दारातून कुणाचीही मोटरसायकल निघायची म्हटलं की दादा काठी टेकत जायचा, टाकीचं झाकण उघडायला लावायचा, आत डोकावायचा, गाडी हलवून आवाज ऐकायचा. मगच जाऊ द्यायचा. गावात हसायचे, पण ऐकायचे.

आबा गेले तेव्हा मी ठरवलं होतं, दिवसकार्य झालं की सांगू. झालं, आणि मी साताऱ्याला आलो.

तर गाडी. बायकोनं वहिनीला फोनवर सांगितलं, वहिनीनं दादाला, आणि दादा न बोलावता सकाळची एसटी धरून साताऱ्यात हजर झाला. म्हणाला, "तुला कोण पण गंडवंल. म्हणून आलो." इतक्या वर्षांनी माझी पाठ बरी झाली, याचा त्याला निखळ आनंद झाला होता. आठ दिवस राहतो म्हणाला.

आम्ही तिघं शोरूममध्ये गेलो. पहिल्यांदा ती धडधडणारी साडेतीनशे सीसीची. तरुणपणी आम्हा दोघांनाही हवी होती ती. दादा म्हणाला, बस की. बसलो, स्टँडवरून उचलली, आणि ती एका अंगाला कलली ती कललीच. दोन पोरांनी धावत येऊन धरली म्हणून पडली नाही. दादा म्हणाला, "ही म्हैस तू दावणीला बांधायची न्हाई, गड्या. हीच तुला वडत न्हील." दुसरी एक होती, शेपटाकडून उचललेली, मागची सीट तळहाताएवढी. तिच्याकडं बघून त्यानं माझ्या बायकोला विचारलं, "ह्येच्यावर मागं तुमी बसणार का माकाड बसणार?" बायको हसून भिंतीला टेकली. मीही हसलो. खरं सांगायचं तर त्या अर्ध्या तासात मी सुखी होतो. दोघं भाऊ गाडी बघायला आलेत, एवढंच होतं ते.

मग एक साधी सव्वाशे सीसीची काढली. सीट लांब, सपाट. चक्कर मारायला दिली. आमच्या जुन्या गाडीचे चारही गिअर पुढं दाबायचे असत, हिचा पहिला खाली आणि बाकी वर. मी पुढंच दाबत राहिलो, इंजिन नुसतं ओरडत राहिलं. पोवई नाक्याच्या चढाला गाडी बंद पडली, मागून रिक्षावाल्यांनी हॉर्नचा गोंधळ घातला. पण परत येताना तिसऱ्यावर गाडी लागली, वारा शर्टात शिरला, आणि मला एकदम रडू आलं. हेल्मेट होतं म्हणून बरं.

परत आलो तर दादा गाडीभोवती फिरायला लागला. वाकता येत नाही, म्हणून काठीवर भार देऊन एका बाजूला झुकला आणि टाकीखाली हात घालून चाचपायला लागला.

"आरं, ह्या गाडीला कॉकच न्हाई की."

शोरूममधली मुलगी म्हणाली, "आता कॉक नसतो काका. पेट्रोल किती आहे ते मीटरवर दिसतं. कमी झालं की दिवा लागतो."

"म्हंजे माझ्यासारख्या येड्याची सोय केली म्हणा की," दादा म्हणाला. मग त्या अनोळखी मुलीला त्यानं काठीनं गुडघा वाजवून दाखवला आणि सगळी गोष्ट सांगितली. पेट्रोल बघायचं कसं विसरला, भाऊ होता म्हणून कसा वाचला. रंगवून, स्वतःवर हसत सांगितली. मुलगी हसली. मी पाण्याच्या मशीनकडं गेलो आणि तिथंच ग्लास धरून उभा राहिलो.

तीच गाडी घेतली. सीट लांब आहे, दादाला पाय पुढं काढून बसता येईल, एवढंच कारण. गाडी घरी आली तेव्हा चाकाखाली लिंबू दादानं ठेवलं, नारळ त्यानं फोडला, आणि किल्ली मागून घेऊन टाकी उघडून बघितली.

आठवडाभर तो रोज सकाळी माझ्या मागं बसून एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यांवर फिरला. शिकवत होता मला. रविवारी म्हणाला, आता गावाला सोड, एसटीनं जात न्हाई. आम्ही निघालो. आभाळ भरलेलं, ऊन नाही, रस्त्याकडेच्या रानात पाचट जळत होतं, त्याचा धूर खाली बसलेला. उंब्रजजवळ त्यानं माझ्या खांद्यावर थाप मारली.

"पाटणच्या रस्त्याला घे. माझा कठडा बघून जाऊ."

मी म्हणालो, कशाला? तो म्हणाला, "घे की रं. तवापासून कुणी न्हेलंच न्हाई मला तिकडं."

मल्हारपेठेवरून पुढं गेलो. रस्ता रुंद झालेला, मोऱ्या नव्या, झाडं तोडलेली. काहीच ओळखू येईना. दादानं दोन ठिकाणी थांबायला लावलं, उतरून बघितलं. दुसऱ्या ठिकाणी तो बराच वेळ उभा राहिला, इकडं तिकडं बघत. मग ओशाळल्यासारखा हसला.

"ह्ये पण ध्यानात न्हाई बघ. एवढा पाय मोडून घेतला, ती जागा सुदिक इसरलो."

माझ्याच्यानं ते ऐकवेना. कठडा सरकारनं काढून नेला होता आणि तो दोष स्वतःला देत होता.

"दादा, तू इसरला न्हवतास," मी म्हणालो.

"काय?"

"पेट्रोल. आदल्या दिवशी तुझी गाडी मी न्हेलती, सांगलीला. रिझर्व्हला मी लावली. घरी येऊन कॉक तसाच ठेवला, तुला बोललो न्हाई."

रस्त्यानं एक टेम्पो गेला.

"पंपावर तुला ठाव हुतं?"

"व्हय."

"म्या न्हाई म्हणालो, तवा?"

"व्हय."

त्यानं मान हलवली, व्यवहार समजून घेतल्यासारखी. मला वाटत होतं तो काठी उचलेल. ती उचलावी असंही वाटत होतं. तो मोरीच्या नव्या कठड्यावर टेकला, पाय सरळ पुढं टाकून. मग विचारलं, "आबांस्नी सांगितलंस?"

"न्हाई."

"आबा गेलं की रं," तो म्हणाला. त्याच आवाजात, जसं काही मला ते माहीत नव्हतं.

मी माफीचं काहीतरी बोलायला लागलो. त्यानं हात वर केला. "मला नगं सांगू. घरात सांग. माझ्या बायकोफुडं, पोरीफुडं. मी सांगणार न्हाई. तू सांगायचं." मग पाटणकडून येणारी एसटी बघून तो उठला आणि काठी आडवी धरली. एसटी थांबली. मी म्हणालो, दादा, गाडीवर चल. तो चढला. वाकत नसलेला पाय हातानं उचलून पायरीवर ठेवावा लागतो त्याला, तेवढा वेळ कंडक्टर दार धरून उभा राहिला.

कराडपर्यंत मी त्या बसच्या मागं होतो. मागच्या काचेतून त्याची टोपी दिसत होती. ती एकदाही वळली नाही. कराडच्या गर्दीत बस हरवली.

गावात मी आधी पोचलो. वहिनी दारात आल्या, गाडी बघून हरखल्या, मग मागची सीट बघितली. "आवं भावजी, हे कुठं हायत? नवी गाडी घेतलासा आन् भावाला यष्टीनं पाठवलासा व्हय? भांडलासा का काय?" मी म्हणालो, येतोय दादा. त्यांनी पाणी दिलं, आत जाऊन चहा टाकला. पुतणी सांगलीच्या कॉलेजातून रविवार म्हणून आलेली, तिनं गाडीवर बसून फोटो काढून घेतले. मी सोप्यात बसून राहिलो. चहा झाला तरी म्हणालो, दादा आल्यावर.

दादा आला. कॉटवर बसला, टोपी काढून शेजारी ठेवली. वहिनींना म्हणाला, बस हितं. मुलीला म्हणाला, तू पण. मग माझ्याकडं बघितलं नाही, नुसतं म्हणाला, "सांग."

मला वाटलं होतं सांगायला फार वेळ लागेल. चार-पाच वाक्यांत संपलं. इतक्या वर्षांत मी मनात त्याला केवढी प्रस्तावना जोडली होती, त्यातलं काहीच लागलं नाही.

पुतणीला आधी ती चेष्टा वाटली, ती हसायला लागली होती. मग थांबली. तेवढ्यात दादाच्या खिशातला मोबाईल वाजायला लागला, तिनंच लावलेला कसलातरी गजर. तो काढायला दादा खिशात हात घालेना. तीच उठली, मोबाईल काढून बंद केला आणि हातात धरून तशीच उभी राहिली.

वहिनी बोलल्या, माझ्याशी नाही, पदराच्या टोकाशी. "हे कुलूप बघून आलं की मी मागनं जाऊन परत बघते. रोज. ह्यास्नी दिसतंय ते. कवा काय बोललं न्हाईत." मग उठून आत गेल्या. चहा परत गरम करायला गॅस लावल्याचा आवाज आला होता. तो बंद झाला. चहा बाहेर आला नाही. आमच्या घरात दारावर आलेल्या पोतराजालासुद्धा चहा मिळतो.

मी उठलो. कुणी बस म्हणालं नाही. बाहेर येऊन हेल्मेट घातलं, तर मागून काठीचा आवाज. दादा आला होता. सवयीनंच आला असेल, दारातून मोटरसायकल निघाली की तो येतो. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी इग्निशनची किल्ली काढून त्याच्यापुढं धरली. टाकी उघडून बघण्यासाठी.

त्यानं किल्लीकडं बघितलं. दोन्ही हात काठीवर होते, ते तिथंच राहिले.

"मीटरवर दिसतंय न्हवं तुझ्या," तो म्हणाला, आणि आत गेला.

त्याला आता टाकी बघायची गरज उरली नाही, की माझी टाकी बघायची गरज उरली नाही, हे मी त्याला विचारलेलं नाही. त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही, मी केला तर वहिनी उचलतात आणि रानात गेलेत म्हणून सांगतात. बायकोला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. ती आता स्कूटरवरून शाळेला जाते, मी मोटरसायकलवरून कंपनीत. सुभेदार फाटकातून म्हणतात, "वा साहेब, पाठ बरी झाली." मी हो म्हणतो.

त्या दिवशी येताना मीटरवर अर्ध्याच्या वर पेट्रोल दिसत होतं. तरी कराडच्या पुढं गाडी बाजूला घेतली, झाकण उघडलं, आणि हँडल धरून गाडी हलवली. आत पेट्रोलचा आवाज आला. थोडा वेळ मी ती तशीच हलवत उभा राहिलो.